वाचकांचे प्रश्न : “नाव तुमी नाई घेतलं, पण गावानं घेतलं”

गेल्या अंकात माझ्या कामाबद्दल दोन पानं छापून आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडची ओपीडी, हृदयरोगावरचं थोडं संशोधन, वऱ्हाडीतला पॉडकास्ट आणि गरीब पेशंटसाठीचा मदतनिधी, असं सगळं त्यात होतं. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी पिशवीत घालून पाठवली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जी पत्रं वाचून झोप लागली नाही ती आधी घेतली आहेत. पत्रातून औषधाचा डोस मात्र मी सांगत नाही. त्यासाठी कागदपत्रं घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जा.

प्रश्न : मॅडम, चार-चार कामं एका माणसाला झेपतात कशी? आणि खरं सांगा, पेशंटच्या वाट्याचा वेळ पॉडकास्टला जात नाही का? *(निवृत्त शिक्षक, दारव्हा)*

उत्तर : गुरुजी, दुसरा प्रश्न रोखठोक विचारलात, म्हणून आधी तोच. पहिल्या वर्षी जात होता. बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असायची आणि मी आत नवा भाग कोणी कोणी ऐकला ते मोबाइलवर पाहत असायची. आमच्या सिस्टरनं एक दिवस शांतपणे माझ्यासमोरचा मोबाइल उचलला आणि रजिस्टरच्या कपाटात ठेवला. तो आजही ओपीडी संपेपर्यंत तिथेच असतो.

झेपतं कसं म्हणाल, तर मी एक मोठं काम सोडलं आहे. नागपुरात होते तोवर मी अँजिओप्लास्टी करत असे. या कामात हात रोज चालता राहावा लागतो. इकडे आल्यावर आठवड्यातून एक दिवस नागपूरला जायचं, दोन केसेस करायच्या आणि रात्री परतायचं, असं मी वर्षभर केलं. मग लक्षात आलं की माझ्या पेशंटला माझ्यापेक्षा रोज दहा केसेस करणाऱ्याच्या हातात देणं जास्त सुरक्षित आहे. शिकायला इतकी वर्षं घालवलेली गोष्ट सोडताना मी रडले. पण ती सोडली नसती तर बाकीचं काही उभं राहिलं नसतं. आता मी ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), बीपी, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची तपासणी आणि नंतरची देखभाल एवढंच करते. अँजिओप्लास्टीसाठी पेशंट पुढे पाठवते.

रेकॉर्डिंग रविवारी पहाटे पाच ते सात. सातला शेजारची पिठाची गिरणी सुरू होते, मग काही खरं नाही. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतीला दोन गाद्या टेकवते आणि डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलमध्ये बोलते. एक भाग आठ मिनिटांचा. झरीकडच्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, रेंज येते-जाते, तिथे मोठी फाइल उतरत नाही. कापूस वेचताना बाया मोबाइल कमरेला खोचून ऐकतात आणि आठ मिनिटांत एक तास, म्हणजे कापसाची एक ओळ, पूर्ण होते, असं एका बाईनं सांगितलं. तेव्हापासून लांबी तेवढीच ठेवली.

ताण आला तर आधी पॉडकास्ट बंद होतो. मग संशोधन थांबतं. पावसाळ्यात तापाची साथ आली की दोन-दोन महिने नवा भाग येत नाही. ओपीडी थांबत नाही.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या रात्री माझ्या दिराच्या छातीत जड वाटायला लागलं, घाम सुटला. आम्ही गॅस समजून सोडा-लिंबू दिलं आणि रात्र काढली. सकाळी नेलं तर फार उशीर केला म्हणाले. जीव वाचला, पण आता चार पावलं चढ चढले तरी धाप लागते. आमचं काय चुकलं? *(शेतकरी महिला, राळेगाव)*

उत्तर : ताई, दोष तुमच्या माथी मारू नका. असा पेशंट “गॅस आहे” म्हणून परत पाठवणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. हृदयाचा त्रास पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतो, ढेकर आल्यावर थोडं बरं वाटल्यासारखंही होतं, आणि माणूस फसतो.

झालं असं असणार. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी बसली. तिच्या पुढचा स्नायू लगेच मरत नाही, काही तासांत हळूहळू मरतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण बारा तासांच्या आत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. रात्र उलटली तेवढ्यात तुमच्या दिराच्या हृदयाचा काही भाग गेला. तो परत उगवत नाही, म्हणून चढावर धाप लागते. गोळ्या नियमित घेतल्या तर उरलेला भाग पुष्कळ काम सांभाळून घेतो. त्या बंद करू देऊ नका, बरं वाटलं तरी.

आता गावातल्या सगळ्यांसाठी लिहिते. छातीवर दगड ठेवल्यासारखं जड वाटणं, ते दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम येणं, यातलं काहीही काही मिनिटांत गेलं नाही तर लगेच १०८ लावा. बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसती धाप, उलटी किंवा एकाएकी आलेला गळाठा. एका आजीबाईनं मला एवढंच सांगितलं होतं, “बाई, अंगातला जीव कोनी पिळून घेतल्यावानी होऊन रायलं.” त्यांचा ईसीजी काढला तर मोठा अटॅक निघाला.

अॅस्पिरिनची ३०० च्या आसपासची गोळी घरात असेल तर ती चावून खायला द्या. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल किंवा रक्ताच्या उलट्या झाल्या असतील तर मात्र नको. जिभेखालची गोळी शेजाऱ्याकडून आणून देऊ नका. तिनं दुखणं कमी होतं, गुठळी तशीच राहते, आणि बीपी एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो. पेशंटला चालवू नका. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते करू नका. गाडी यायला वेळ लागणार असेल तर काळीपिवळी थांबवा. आणि थेट नागपूर गाठायच्या नादात मधलं ग्रामीण रुग्णालय ओलांडून जाऊ नका. तिथे पहिला ईसीजी निघतो आणि तिथेच इंजेक्शन सुरू होऊ शकतं. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखत असेल तर “थोड्या वेळानं पुन्हा काढा” असं सांगा. ते म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : खर्रा थुंकून टाकला, गिळला नाही, तर हृदयाला काही होत नाही ना? *(एक तरुण, वणी)*

उत्तर : होतं. खर्ऱ्यातल्या तंबाखूतलं निकोटीन गालाच्या आतल्या पातळ कातडीतून रक्तात जातं, गिळायची गरजच नसते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका सुमारे दुप्पट दिसला. पन्नीत खर्रा घोटणारा तुमच्या ओळखीचा असेल, त्याच्याशी मैत्री ठेवा, उधारी मात्र बंद करा. एकदम सुटत नाही हे मला माहीत आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवायला समुपदेशक असतात, त्यांना भेटा.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव घाटंजीजवळ. परत गावी यावं असं वाटतं, पण सर म्हणतात गावात राहून संशोधन होत नाही. *(विद्यार्थिनी, वर्धा)*

उत्तर : तुला एकेरीत लिहिते, चालेल ना? तू शिकतेस त्या जिल्ह्यात सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून खेड्यासाठी म्हणूनच उभं आहे. आणि आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीचं उदाहरण तर सगळ्या जगानं घेतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांत गावच्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. ते दिल्लीत बसून झालं नसतं.

माझ्या विषयातलं सांगते. २००८ साली भारतातल्या ८९ रुग्णालयांचा एक अभ्यास आला, क्रिएट नावाचा. वीस हजारांवर पेशंट होते. त्रास सुरू झाल्यापासून पेशंटला रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटं होता, म्हणजे सहा तास. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. महिन्याभरात गरीब पेशंट श्रीमंतांपेक्षा जास्त दगावले होते, आणि उपचारातला फरक हिशेबात धरला की मृत्यूतला फरक उरत नव्हता. म्हणजे गरिबाचं हृदय काही वेगळं नव्हतं, त्याला औषध कमी मिळालं होतं. हे वाचून मी एक वही घातली. दुखायला लागल्यापासून पहिला ईसीजी निघेपर्यंतचा वेळ कुठे कुठे गेला, एवढंच त्यात लिहिते. मी समजत होते वेळ रस्त्यात जातो. वहीत दिसतं की तो बराचसा घरातच जातो. पैसे कोणाकडून आणायचे, सोबत कोण जाणार, बैल कोण पाहणार. पॉडकास्टचे निम्मे विषय या वहीतून निघाले आहेत.

पण तुझ्या सरांनी सांगितली नसेल अशी एक अडचण आहे. इथे तू लोकांची डॉक्टर असतेस, आणि लोक डॉक्टरला नाही म्हणत नाहीत. एका अभ्यासासाठी मी एका कोलाम आजोबांना सगळं समजावून संमतीचा कागद पुढे केला. त्यांनी अंगठ्याला शाई लावून घेतली आणि म्हणाले, “तुमी म्हनता त लावतो, मले काय समजते.” त्या महिन्याच्या गोळ्या त्यांना आमच्या निधीतून फुकट मिळाल्या होत्या. तो अंगठा मला संमती वाटेना. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या नियमांप्रमाणे वाचता न येणाऱ्याच्या संमतीला त्रयस्थ साक्षीदार लागतो, तो होता. कागद नियमात बसत होता. तरी मी तो फाडला आणि त्यांना अभ्यासात घेतलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे ज्या दिवशी मदत मिळते त्या दिवशी कोणाला अभ्यासाबद्दल विचारत नाही. विचारायचं काम मी करत नाही, उपचाराशी संबंध नसलेली व्यक्ती करते, त्यांच्या भाषेत, आणि घरी जाऊन विचार करून या असं सांगते. काही लोक येतच नाहीत. त्यांचं उत्तर मिळालं असं आम्ही समजतो. यानं अभ्यास रेंगाळतो. तू येशील तेव्हा हे धरून चाल, आणि जरूर ये.

प्रश्न : तुम्ही पॉडकास्टमध्ये एका पेशंटची गोष्ट सांगितली होती. नाव नव्हतं, पण आमच्या गावात सगळ्यांना कळलं की तो कोण. हे बरोबर आहे का? *(नाव-गाव छापू नये)*

उत्तर : नाही. अजिबात बरोबर नव्हतं.

स्टेंट टाकल्यावर वर्षाच्या आत गोळ्या बंद केल्या तर काय होतं, हे लोकांना कळावं म्हणून मी तो भाग केला होता. स्टेंट ही धातूची जाळी असते. तिच्यावर आतून अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी व्हायची भीती असते, म्हणून रक्त न गोठू देणाऱ्या दोन गोळ्या लागतात. ज्यांची गोष्ट मी सांगितली त्यांनी त्या “आता बरं आहे” म्हणून सोडल्या आणि दुसरा अटॅक आला. मी नाव बदललं. पण दुकान कशाचं, समोर कोणतं झाड, मुली किती, हे सगळं सांगत गेले, कारण तशी गोष्ट जिवंत वाटते. ऐकणाऱ्यांनाही फार आवडली. पुष्कळांनी ती पुढे पाठवली.

तीन आठवड्यांनी ते ओपीडीत आले. नंबर पहिला होता तरी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि शेवटी आत आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, “मॅडम, माह्यं नाव तुमी नाई घेतलं, पण गावानं घेतलं.” मोठ्या मुलीची बोलणी सुरू होती. बाप हृदयाचा आणि त्यात बेफिकीर, असं पाहुण्यांच्या कानावर गेलं होतं.

मी तो भाग त्याच दिवशी काढून टाकला. पण व्हॉट्सअॅपवर गेलेला आवाज परत बोलावता येत नाही, तुमच्या गावात तो अजून फिरत असेल. मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या बायकोची आणि मुलीची माफी मागितली. मुलीनं पाणी आणून दिलं, बोलली काही नाही. त्या घरातली ती दहा मिनिटं मला रोज आठवतात.

शहरात नाव झाकलं की माणूस झाकला जातो. खेड्यात झाड, दुकान आणि दारातली गाय मिळून माणसाचं नाव होतं, हे इतकी वर्षं इथे राहून मला कळायला हवं होतं. आता कोणाचीही गोष्ट करायची तर आधी ती त्या माणसाला ऐकवते. तो म्हणेल ते कापते. त्यानंतरही सहा महिने ठेवून देते आणि पुन्हा विचारते, कारण खोकल्यासाठी समोर बसलेला पेशंट डॉक्टरला हो म्हणतो, बरा होऊन घरी बसलेला खरं सांगतो. चांगल्या चांगल्या गोष्टी यात गेल्या. जाऊ देत. हे उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं आहे आणि त्यांच्या सांगण्यावरून दोन तपशील बदलले आहेत. त्यांच्या गोळ्या सुरू आहेत. त्या ते माझ्याकडून घेत नाहीत, दुसऱ्या डॉक्टरकडून घेतात. तो त्यांचा अधिकार आहे.

प्रश्न : मी मूळचा आर्णीचा, आता पुण्यात नोकरीला. वडिलांच्या स्मरणार्थ तुमच्या निधीला ईसीजी मशीन द्यायची इच्छा आहे. त्यावर त्यांचं नाव घालता येईल का? *(एक इंजिनिअर)*

उत्तर : दादा, तुमच्या भावनेला नमस्कार. पण मशीन आमच्याकडे आहे. खरी अडचण वेगळीच आहे, ती सांगते, मग ठरवा.

ऑपरेशनला पैसे नाहीत ही तक्रार आता पूर्वीइतकी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची बरीच ऑपरेशनं बसतात. लहान मुलांचं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होतं. स्टेंटच्या किमतीवर सरकारनं २०१७ साली मर्यादा घातली. पण नागपूरला तारीख मिळाली तरी माणूस जात नाही. का, तर सोबत येणाऱ्याची चार दिवसांची मजुरी बुडते, त्याच्या जेवणाचे पैसे नसतात, आणि निंदणाच्या दिवसांत घरात दुसरं कोणी नसतं. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्याकडे सोबतीला सासऱ्यांऐवजी सासूबाई यायला लागल्या, एवढा त्या अर्ध्या तिकिटाचा फरक पडतो.

म्हणून आमचा निधी तिकीट, सोबत्याचं जेवण आणि बुडालेली मजुरी देतो. शिवाय हृदयाच्या झडपेच्या आजाराच्या मुलांसाठी पेनिसिलिनच्या कुप्या घेऊन ठेवतो. यातल्या कशावरच नाव कोरता येत नाही. मदत घेणाऱ्यांचे फोटोही आम्ही काढत नाही. पैशाच्या सह्या माझ्या नाहीत. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक औषध दुकानदार हिशेब पाहतात, कारण ज्या हातानं मी पेशंट तपासते त्याच हातात पैशाची पेटी असावी हे मला पटत नाही. वडील तुमचे एस.टी.नं प्रवास करत असतील तर त्यांच्या पुण्यतिथीला एका पेशंटचं नागपूरचं जाणं-येणं करा. कोणाचं केलं ते मात्र तुम्हाला कळणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची. आधी घसा, मग सांधे सुजले, नंतर झडप खराब सांगितली. दर एकवीस दिवसांनी कुल्ल्यात इंजेक्शन असते, फार दुखते, रडते. आता चांगली पळते. बंद करू का? बाया म्हणतात इतकी इंजेक्शनं घेतली तर हिचं लग्न कसं होईल. *(एक आई, झरी-जामणी)*

उत्तर : बंद करू नका, ताई. ती पळते आहे ती इंजेक्शनमुळेच.

हा आजार घशातल्या जंतूपासून सुरू होतो. जंतूशी लढताना शरीर चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र व्रण राहतो. पुन्हा घसा धरला की पुन्हा तोच घाव, त्याच झडपेवर. पेनिसिलिनचं हे इंजेक्शन झडप दुरुस्त करत नाही, पुढचा घाव अडवतं. एकवीस दिवसांनंतर त्याचा जोर उतरतो, म्हणून तारीख पाळायची.

असे घाव होत गेले की झडप आकसते. मग मी मुलीला डाव्या कुशीवर वळवते, स्टेथोस्कोपची छोटी बाजू स्तनाखाली हलकेच टेकवते आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगते. डब झाल्यावर पुढचा लब येईपर्यंतच्या मोकळ्या जागेत दुरून जातं फिरल्यासारखी घरघर येते. बारीक झालेल्या दारातून रक्त घुसायची ती धडपड असते. तुमच्या मुलीच्या झडपेचं तिथवर जाऊ नये यासाठी हा सगळा खटाटोप. झडपेत दोष राहिला असेल तर इंजेक्शनं बरीच वर्षं, बहुधा चाळिशीपर्यंत चालतात. नेमकं किती ते तिचे डॉक्टर इको पाहून ठरवतील.

दुखतं ते खरं आहे. औषध घट्ट असतं, सुई जाड लागते. कुपी आधी दोन-तीन मिनिटं तळहातात धरून कोमट करायला आणि औषध सावकाश सोडायला सिस्टरना सांगा. उपाशीपोटी पाठवू नका, भाकर खाऊन आणि पाणी पिऊन जाऊ द्या. नंतर अर्धा तास तिथेच बसवा. लग्नाचं म्हणाल, तर इंजेक्शनानं लग्न अडत नाही आणि मूल होण्यातही अडचण येत नाही. दिवस राहण्याआधी एकदा इको करून घ्यायचा, एवढं लक्षात ठेवा. आणि विचारणाऱ्या बायांना काय सांगायचं ते मुलीलाच ठरवू द्या, चौदा वर्षांची आहे ती.

पुढची तारीख तुम्ही पत्रात लिहिली नाही. मागचं इंजेक्शन झालं त्या दिवसापासून कॅलेंडरवर एकवीस मोजून लाल पेननं गोल करा. तो दिवस दिवाळीच्या सुट्टीत येत असेल तर दोन दिवस आधी घेतलेलं चालतं, नंतर नको. आरोग्य केंद्रात कुपी नसेल तर आठवडाभर आधी आशाताईकडून निरोप द्या, मी काढून ठेवते.